भातावरच्या रोगकारक जिवाणूंचे सीरमने वर्गीकरण : खाचरातल्या पानापासून सीरोटाइपपर्यंत

भाताच्या पानावर लहरी कडेचा पिवळट पट्टा दिसला आणि पेट्री प्लेटवर पिवळी, चिकट वसाहत आली की बरेच जण वहीत 'कडा करपा' असे लिहून मोकळे होतात. पण भाताच्या पानावर पिवळे जिवाणू अनेक राहतात. त्यांपैकी रोग करणारा कोणता, तो कडा करप्याचा की पर्णरेषा रोगाचा, आणि कर्जतहून आणलेला आयसोलेट (पानातून वेगळा करून शुद्ध वाढवलेला जिवाणू) भंडाऱ्याच्या आयसोलेटसारखाच आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. सीरम म्हणजे जिवाणू टोचलेल्या सशाच्या रक्तातला, त्या जिवाणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असलेला द्रव. त्याची चाचणी या प्रश्नांना उत्तर देते, तेही साध्या प्रयोगशाळेत. ती नीट केली नाही, तर तितक्याच ठामपणे चुकीचे उत्तर देते. म्हणून इथे चाचणीच्या पायऱ्यांइतकीच जागा नियंत्रणांना, म्हणजे पडताळणीसाठी सोबत चालवायच्या नमुन्यांना, दिली आहे.

आधी प्रश्न ठरवा

भारतात कडा करप्याची पहिली नोंद १९५१ सालची, महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. १९६३ मध्ये बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली आणि देशभर या रोगाकडे लक्ष गेले. कारण असणारा जिवाणू झँथोमोनास ओरायझी पॅथोव्हार ओरायझी. पॅथोव्हार म्हणजे एकाच जातीतला, पण वेगळा रोग करणारा उपप्रकार. त्याचाच सख्खा भाऊ पॅथोव्हार ओरायझिकोला पानावर शिरांच्या मधोमध बारीक, पाणचट रेषा पाडतो. पुढे या दोघांना फक्त 'ओरायझी' आणि 'ओरायझिकोला' म्हटले आहे.

तपासणीत यांच्याखेरीज आणखी काही जिवाणू हाताशी हवेत : दाणे कुजवणारा बर्खोल्डेरिया ग्लुमी, पानावर तपकिरी पट्टे आणणारा अ‍ॅसिडोव्होरॅक्स अ‍ॅव्हेनी, पर्णकोष तपकिरी करून कुजवणारा स्यूडोमोनास फस्कोव्हजायनी, बुंधा कुजवणारा डिकेया झिई, आणि सर्वांत जास्त फसवणारा पँटोइया अननॅटिस, जो पिवळा दिसतो आणि भाताच्या पानावर-दाण्यावर मुबलक असतो.

सीरमने तीन पातळ्यांवर वर्गीकरण होते. हा जिवाणू झँथोमोनास आहे का, ही पहिली. ओरायझी की ओरायझिकोला, ही दुसरी. ओरायझीच्या आतले सीरोटाइप, म्हणजे सीरमने वेगळे ओळखू येणारे गट, ही तिसरी. पहिल्या पातळीला साधे पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटिबॉडी असलेले) सीरम बहुधा पुरते. दुसऱ्या पातळीला शोषण केलेले (सामाईक अँटिबॉडी काढून टाकलेले) सीरम किंवा मोनोक्लोनल (एकाच खुणेला ओळखणारी) अँटिबॉडी लागते. तिसऱ्या पातळीला दोन्ही बाजूंनी शोषण केल्याशिवाय गट पाडूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नमुना

कोकणात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पीक फुटव्यांपासून पोटरीपर्यंत असताना, पाने गोळा करा. पूर्ण वाळलेले पान सोडून द्या, कारण त्यावर नंतर बसलेल्या जिवाणूंचीच गर्दी असते. जिथे पिवळा पट्टा हिरव्या भागात सरकतो आहे, ती सीमा असलेले पान घ्या. सकाळी लवकर गेलात तर कोवळ्या डागांवर दुधाळ थेंब दिसतात, ते ऊन चढल्यावर वाळून पिवळट मण्यांसारखे होतात. ओरायझिकोलाचे मणी जास्त बारीक आणि रेषेवर ओळीने बसलेले असतात.

ओली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, रात्रीत कुजतात. टिपकागदाच्या घडीत घालून कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर गाव, तारीख, भाताचा वाण आणि पिकाची अवस्था तिथेच लिहा. ४ अंश सेल्सियसला ठेवून दोन-तीन दिवसांत काम सुरू करा. एका खाचरातून एकच पान आणणे पुरेसे नाही. निदान पाच वेगवेगळ्या चुडांतली पाने घ्या आणि प्रत्येकाचा आयसोलेट वेगळा ठेवा. एकाच खाचरात दोन सीरोटाइप असू शकतात.

वेगळा करणे आणि खात्री

सीमेवरचा ५ मिलिमीटर तुकडा कापा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, १० पटीच्या भिंगाखाली पाहा. कापलेल्या कडेतून धुरासारखा ओघ बाहेर आला तरच पुढे जा. शेजारचे तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये १५ ते ३० सेकंद, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. १ मिली निर्जंतुक पाण्यात बारीक चिरून २० मिनिटे ठेवा आणि लूपने प्लेटवर रेघा ओढा.

माध्यम : पेप्टोन १० ग्रॅम, साखर (सुक्रोज) १० ग्रॅम, सोडियम ग्लुटामेट १ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम, पाणी १ लिटर, सामू ७.० ते ७.२. प्लेट २८ अंशांवर ठेवा.

आता घाई करू नका. २४ तासांत जी ठसठशीत पिवळी वसाहत उगवते, ती जवळजवळ नेहमी पँटोइयाची असते. ओरायझी संथ वाढतो. त्याची टाचणीच्या डोक्याएवढी, गोल, फुगीर, चकचकीत, फिकट पिवळी वसाहत दिसायला ३ ते ५ दिवस लागतात. प्लेटच्या खालच्या बाजूला दुसऱ्या दिवशी पेनाने उगवलेल्या सर्व वसाहतींवर खूण करा. चौथ्या दिवशी खूण नसलेल्या जागी जे नवे दिसेल, त्यातून निवडा. या साध्या खुणेने निम्मी चुकीची निवड टळते. निवडलेली वसाहत किमान दोनदा पुन्हा रेघा ओढून शुद्ध करा.

सीरमकडे जाण्यापूर्वी आयसोलेट रोग करतो हे सिद्ध व्हायलाच हवे. १९७३ मध्ये कॉफमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पाने छाटण्याची पद्धत अजूनही सर्वांत सोपी : तायचुंग नेटिव्ह-१ सारख्या बळी पडणाऱ्या वाणाची ४० ते ४५ दिवसांची रोपे घ्या, मिलीत १० कोटी ते १०० कोटी पेशी असलेल्या द्रावणात कात्री बुडवून पानांची टोके छाटा, १४ दिवसांनी पट्ट्याची लांबी मोजा. नियंत्रणाची रोपे निर्जंतुक पाण्यात बुडवलेल्या वेगळ्या कात्रीने आणि सर्वांत आधी छाटा.

ओरायझी आणि ओरायझिकोला वेगळे करायला काही जीवरासायनिक चाचण्याही जोडीला ठेवा. ओरायझिकोला स्टार्च फोडतो, एल-अ‍ॅलानिन हा एकमेव कार्बनस्रोत म्हणून वापरतो आणि ०.००१ टक्के कॉपर नायट्रेट सहन करतो. ओरायझी साधारणपणे यांतले काही करत नाही. सीरमचा निकाल आणि या चाचण्या एकमेकांविरुद्ध गेल्या तर आधी आयसोलेटच्या शुद्धतेवर संशय घ्या.

शुद्ध आयसोलेट लगेच १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. तिरक्या आगरवर महिनोन्महिने उतरवत राहिलेल्या जिवाणूचा पृष्ठभाग बदलतो. त्याच्या आवरणातल्या लायपोपॉलिसॅकराइड या रेणूची बाहेरची साखळी तुटते, पेशी 'रफ' होतात आणि मिठाच्या पाण्यात सीरमशिवायही गोळा व्हायला लागतात. असा आयसोलेट वर्गीकरणात वापरणे म्हणजे सगळा तक्ता बिघडवणे.

अँटिजेन तयार करताना

झँथोमोनास कुळातल्या जिवाणूंभोवती झँथनसारख्या पॉलिसॅकराइडचा जाड, चिकट थर असतो. हा थर खालचे अँटिजेन (अँटिबॉडी ज्यांना चिकटतात ते रेणू) झाकतो, सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी नीट खाली बसू देत नाही आणि गुठळी चाचणीत (सीरमने पेशी गोळा होतात का, हे पाहण्याच्या चाचणीत) खोटे निकाल देतो. साखर जास्त तितका थर जाड. म्हणून वेगळे करताना वापरलेले साखरेचे माध्यम इथे वापरू नका. न्यूट्रिएंट आगरवर, फार तर ०.१ टक्के साखर घालून, ४८ ते ७२ तास वाढवा.

पेशी ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्यात खरवडून घ्या. ८,००० आरपीएमवर १० मिनिटे फिरवा, वरचे पाणी ओता, पुन्हा मिसळा, पुन्हा फिरवा. असे तीनदा. तिसऱ्या वेळीही गोळा हलवल्यावर शेंबडासारखा सरकत असेल तर चौथ्यांदा, पाचव्यांदा धुवा.

यानंतर दोन वाटा आहेत. पेशी उकळत्या पाण्यात, १०० अंशांवर, २ तास ठेवून धुतल्या की उष्णतेने बिघडणारी प्रथिने निकामी होतात आणि मुख्यतः लायपोपॉलिसॅकराइडचा ओ-अँटिजेन उरतो. सीरोटाइप पाडण्यासाठी ही वाट चांगली. दुसरी वाट ग्लुटराल्डिहाइडने पेशी स्थिर करण्याची : २ टक्के द्रावणात ४ अंशांवर ३ तास, मग ते काढून टाकण्यासाठी बफरात वारंवार धुणे. यात प्रथिने, कशाभिका, सगळेच उरते. सीरम संवेदनशील मिळते, पण कुळातल्या इतर जिवाणूंशीही जुळते. पहिल्या पातळीसाठी हे चालते, तिसऱ्यासाठी नाही.

कोणतीही वाट घ्या, शेवटी प्लेटवर १०० मायक्रोलिटर पसरवून ५ दिवस पाहा. काही उगवले तर पेशी मेलेल्या नाहीत. प्रकाशघनता ६०० नॅनोमीटरवर १.० आणा, ती साधारण मिलीत १०० कोटी पेशींच्या आसपास येते. पण जिवंत पेशींवर सौम्यीकरण करून प्लेटवर मोजल्याशिवाय हा आकडा आपल्या यंत्राला लागू धरू नका.

सीरम

सशावर काम करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी लागते, आणि टोचणे-रक्त काढणे हे प्रशिक्षित माणसानेच करायचे. कृषी महाविद्यालयात ही सोय नसेल तर अँटिजेन तयार करून नोंदणीकृत प्राणिगृहाकडून सीरम करून घेणे हाच योग्य मार्ग. त्यांच्याशी बोलताना काय मागायचे ते मात्र माहीत हवे.

प्रत्येक अँटिजेनसाठी निदान दोन ससे, प्रत्येकी सुमारे अडीच किलो. टोचण्याआधी प्रत्येकाचे ५ मिली रक्त घेऊन त्याचे सीरम वेगळे ठेवा. हे 'पूर्व-सीरम' विसरले तर नंतर ते मिळवता येत नाही, आणि त्याशिवाय कोणताही निकाल पूर्ण नाही. पहिली मात्रा ०.५ मिली अँटिजेन आणि ०.५ मिली फ्रॉइंडचे (सशाचा प्रतिसाद वाढवणारे) पूर्ण अ‍ॅडजुव्हंट घोटून, कातडीखाली चार जागी वाटून. पुढच्या मात्रा दोन-दोन आठवड्यांनी, अपूर्ण अ‍ॅडजुव्हंटमध्ये, साधारण तीन. पूर्ण अ‍ॅडजुव्हंट दुसऱ्यांदा कधीही नाही, त्याने गंभीर जखमा होतात. शेवटच्या मात्रेनंतर ७ ते १० दिवसांनी रक्त घेतात, एका वेळी १५ मिलीपेक्षा जास्त नाही.

रक्त ३७ अंशांवर तासभर, मग ४ अंशांवर रात्रभर ठेवा. रक्ताची गुठळी आक्रसली की वरचे सीरम काढून ५,००० आरपीएमवर १० मिनिटे फिरवा. सीरम लालसर असेल तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. ते गुठळी चाचणीला चालेल, एलायझात (रंगाच्या वाचनाने निकाल देणाऱ्या, पुढे दिलेल्या चाचणीत) पार्श्वभूमी वाढवू शकते. दोन सशांचे सीरम एकत्र करू नका. अर्धा-अर्धा मिलीच्या कुप्यांत उणे २० अंशांवर ठेवा, कारण वारंवार गोठवून वितळवल्याने ताकद जाते. रोजच्या वापराच्या कुपीत ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात. दोन इशारे : अझाइड विषारी आहे आणि धातूच्या नळीत ओतायचे नाही. शिवाय ते हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडते. त्यामुळे अझाइड घातलेल्या कोणत्याही द्रावणासोबत एलायझात अल्कलाइन फॉस्फेटेज या दुसऱ्या एन्झाइमचीच जोडी वापरा.

गुठळी चाचणी

काचपट्टीवर एक थेंब पेशी, एक थेंब १:१० सीरम, काडीने मिसळून पट्टी हळू डोलवा. दोन मिनिटांत दाणे दिसले तर जुळले. ही फक्त चाळणी आहे. टायटर म्हणजे सीरमची ताकद मोजायला गोल तळाची ९६ खळग्यांची प्लेट घ्या.

१२ खळग्यांच्या ओळीत प्रत्येकी ५० मायक्रोलिटर मिठाचे पाणी घाला. पहिल्या खळग्यात १:१० सीरम ५० मायक्रोलिटर, मिसळा, त्यातले ५० दुसऱ्यात, असे अकराव्यापर्यंत, आणि अकराव्यातून ५० फेकून द्या. बारावा खळगा फक्त मिठाच्या पाण्याचा. आता सर्वांत ५० मायक्रोलिटर पेशी घाला, मिलीत १०० कोटी. पेशी घातल्यावर पहिल्या खळग्यात सौम्यीकरण १:४० होते आणि अकराव्यात १:४०,९६०. झाकून ३७ अंशांवर २ तास, मग ४ अंशांवर रात्रभर.

सकाळी प्लेट न हलवता, काळ्या कागदावर ठेवून वरून पाहा. जुळले नसेल तर पेशी खळग्याच्या तळाशी घसरून एक घट्ट, गुळगुळीत कडेचा पांढरा ठिपका होतो. जुळले असेल तर तळभर विस्कटलेली, फाटक्या कडेची पातळ चादर पसरते. मधल्या अवस्थेत ठिपक्याभोवती धूसर वलय असते. त्याला 'अर्धे' म्हणून नोंदवा आणि टायटर मात्र पूर्ण चादर असलेल्या शेवटच्या खळग्याचाच लिहा. ठरवता येत नसेल तर प्लेट ४५ अंशांत कलती करा. न जुळलेला ठिपका काही वेळात अश्रूसारखा ओघळतो, जुळलेली चादर जागची हलत नाही.

बाराव्या खळग्यात चादर दिसली तर सगळी ओळ रद्द. पेशी आपोआप गोळा होत आहेत, म्हणजे एकतर थर नीट धुतला गेला नाही किंवा आयसोलेट रफ झाला आहे. पहिल्या दोन-तीन खळग्यांत ठिपका आणि पुढे चादर दिसली तर घाबरू नका. सीरम गरजेपेक्षा तीव्र असले की असे होते. फक्त एकाच सौम्यीकरणावर चाचणी करणारे नेमके इथे 'नाही' असा खोटा निकाल लिहितात.

एका खळग्याचा फरक हा फरक नाही. तो हाताच्या चुकीत बसतो. दोन खळगे, म्हणजे चौपट, हा किमान दखल घेण्याजोगा फरक.

शोषण : खरे वर्गीकरण इथे होते

ओरायझीविरुद्धचे न शोषलेले सीरम ओरायझिकोलाशीही चांगले जुळते. दोघांच्या पृष्ठभागावर बरेच अँटिजेन सामाईक आहेत, त्यात आश्चर्य काही नाही. सीरममधून सामाईक अँटिबॉडी काढून टाकल्या की जे उरते ते त्या गटाचे स्वतःचे.

सीरम १:१० करून १ मिली घ्या. त्यात नको असलेल्या जिवाणूच्या मेलेल्या, धुतलेल्या पेशींचा घट्ट ओला गोळा ०.२ मिली मिसळा. ३७ अंशांवर २ तास हलवत, मग ४ अंशांवर रात्रभर ठेवा. १०,००० आरपीएमवर १५ मिनिटे फिरवून वरचे सीरम अलगद काढा. त्या जिवाणूशी काचपट्टीवर तपासा. अजून जुळत असेल तर नव्या गोळ्याने पुन्हा. बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतात. गोळा पाणचट ठेवू नका, त्यातले पाणी सीरम पातळ करते आणि टायटर उगाच घसरलेला दिसतो.

सोबत दोन नळ्या नेहमी चालवा. एकीत पेशी नाहीत, पण बाकी सगळी वागणूक तीच. तिचा टायटर मूळ राहिला पाहिजे. दुसरीत ज्या आयसोलेटचे सीरम त्याच्याच पेशी. तिचा टायटर शून्यावर यायला हवा. दुसऱ्या नळीत काही उरले तर तुमचे शोषण अपुरे आहे, आणि त्या दिवशीच्या बाकी नळ्यांवरही विश्वास ठेवता येत नाही.

आता दोन आयसोलेट 'क' आणि 'ख' एकाच सीरोटाइपचे आहेत का, हे ठरवायचे. 'क'चे सीरम 'ख'ने शोषा आणि 'क'शी तपासा. मग 'ख'चे सीरम 'क'ने शोषा आणि 'ख'शी तपासा. दोन्ही बाजूंनी काही उरले नाही तर दोघे एकच. समजा, 'क'चे सीरम 'ख'ने पूर्ण रिकामे झाले, पण 'ख'चे सीरम 'क'ने शोषूनही १:२,५६० टायटर राहिले. याचा अर्थ 'क'वरचे सगळे अँटिजेन 'ख'वर आहेत, पण 'ख'कडे आणखी काही आहे. फक्त पहिली बाजू तपासणारा माणूस इथे दोघांना एका गटात टाकेल.

'काही उरले नाही' याची रेघ कुठे मारायची? भातखाचरात काम करणाऱ्या माणसांना गाठणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जिवाणूंसाठी एक जुना संकेत आहे : शोषणानंतर मूळ टायटरच्या १० टक्क्यांहून जास्त वारंवार उरत असेल, निदान एका बाजूने, तर दोन वेगळे सीरोव्हार, म्हणजे सीरोटाइपच. तोच संकेत इथे वापरायला हरकत नाही. दुपटीच्या सौम्यीकरणात तीन खळग्यांची घसरण म्हणजे १२.५ टक्के उरले आणि चार खळग्यांची म्हणजे ६.२५ टक्के. तेव्हा व्यवहारात चार किंवा अधिक खळगे घसरले तरच 'शोषले गेले' म्हणा. प्रत्येक जोडी वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा.

२० आयसोलेटच्या सगळ्या जोड्या करणे शक्य नसते. आधी चार-पाच दूरदूरच्या गावांचे आयसोलेट निवडून त्यांचेच सीरम करा. बाकीचे त्या शोषलेल्या सीरमांच्या संचावर तपासा. जो कोणत्याच गटात बसत नाही, त्याच्यासाठी नवे सीरम करण्याचा विचार करा.

आगरमधील रेषा

ऑक्टरलोनीची दुहेरी विसरण पद्धत गुठळी चाचणीपेक्षा कमी संवेदनशील आहे, पण दोन आयसोलेटची तुलना डोळ्यांना दाखवते. मिठाच्या पाण्यात १ टक्का अ‍ॅगरोज, ३ मिलिमीटर जाड थर. मध्ये एक आणि भोवती सहा खळगे, ४ मिलिमीटर व्यासाचे, ५ मिलिमीटर अंतरावर. मध्ये सीरम, भोवती उकळलेल्या पेशींचे वरचे स्वच्छ द्रावण, प्रत्येकी २० मायक्रोलिटर. दमट डब्यात २५ ते २८ अंशांवर ४८ तास.

शेजारच्या दोन खळग्यांच्या पांढऱ्या रेषा कमानीसारख्या जुळल्या तर अँटिजेन एकच. एकमेकींना छेदून गेल्या तर वेगळे. जुळून एकीची शेपटी पुढे निघाली तर काही सामाईक, काही वेगळे. शेपटी ज्या खळग्याकडे झुकते त्यातल्या अँटिजेनवर ओळखीच्या खुणा कमी असतात. खळग्याला चिकटून धूसर वलय आले तर ती रेषा समजू नका, अँटिजेन फार दाट झाला आहे. चौपट सौम्य करून पुन्हा लावा.

एलायझा

नमुने जास्त असतील तर अप्रत्यक्ष एलायझा. पेशी कार्बोनेट बफरमध्ये (सोडियम कार्बोनेट १.५९ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.९३ ग्रॅम, पाणी १ लिटर, सामू ९.६) मिलीत १ ते १० कोटी करा आणि खळग्यात १०० मायक्रोलिटर घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. ०.०५ टक्के ट्वीन-२० घातलेल्या फॉस्फेट बफरने तीनदा, प्रत्येकी ३ मिनिटे धुवा. मोकळी जागा १ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने ३७ अंशांवर १ तास भरा. मग अँटिसीरम १ तास, धुणे, अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेली, सशाच्या अँटिबॉडीला चिकटणारी अँटिबॉडी १ तास, धुणे. शेवटी १० टक्के डायइथेनॉलअमाइनमध्ये, सामू ९.८, पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट मिलीत १ मिलिग्रॅम. अंधारात ३० ते ६० मिनिटे, ४०५ नॅनोमीटरवर वाचन.

अँटिसीरमचे सौम्यीकरण कोणाच्या प्रबंधातून उचलू नका. १:५०० ते १:१६,००० आडवे आणि जोडलेल्या अँटिबॉडीचे तीन सौम्यीकरण उभे लावून स्वतः ठरवा. ओरायझी ठळक पिवळा आणि पूर्व-सीरम जवळजवळ रंगहीन, अशी जागा निवडा.

शेवटच्या धुण्यानंतर फॉस्फेट बफर खळग्यात राहिला तर तो एन्झाइमला रोखतो आणि रंग फिका येतो. प्लेट कागदावर जोराने आपटून कोरडी करा. काठाचे खळगे लवकर सुकतात आणि वेगळे वाचन देतात, त्यांत फक्त बफर घाला. चिकट पेशी धुण्यात निघून गेल्या की एकाच नमुन्याच्या तिन्ही खळग्यांचे वाचन एकमेकांशी जुळत नाही; तेव्हा प्लेटला दोष देण्याआधी अँटिजेन पुन्हा धुवा.

प्रत्येक प्लेटवर हे हवेच : मूळ आयसोलेट, ओरायझिकोला, पँटोइया, निरोगी भाताच्या पानाचा रस, नुसता बफर आणि पूर्व-सीरम, प्रत्येकी तीन खळगे. नकारात्मक नमुन्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाच्या तिप्पट, ही किमान रेघ. ती रेघ पँटोइयाच्या वाचनापेक्षा खाली येत असेल तर सीरम पँटोइयाने शोषून पुन्हा सुरुवात करा.

एलायझाला मिलीत साधारण १ लाखाच्या वर पेशी लागतात. बियाण्यात ओरायझी त्याहून खूप कमी आणि पँटोइया प्रचंड असतो. म्हणून भिजवलेल्या बियाण्याच्या पाण्यावर थेट एलायझा करून 'बियाणे रोगमुक्त' असा दाखला देऊ नका.

मोनोक्लोनल अँटिबॉडीने हे सगळे सोपे होते, मिळाल्या तर. हवाई विद्यापीठात बेनेडिक्ट, अल्वारेझ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ओरायझी आणि ओरायझिकोलासाठी वेगवेगळ्या मोनोक्लोनल प्रसिद्ध केल्या. पण एक मोनोक्लोनल एकाच अँटिजेन-खुणेला ओळखते. ती खूण हरवलेला, तरीही रोग करणारा आयसोलेट 'नाही' म्हणून निसटतो. त्यामुळे एकट्या मोनोक्लोनलवर नकार लिहू नये, दोन-तीन वापराव्यात.

गट बांधणे आणि नोंद

आयसोलेट ओळींत, शोषलेली सीरमे आणि मोनोक्लोनल स्तंभांत मांडा. जुळले तर १, नाही तर ०. संशयित खळगे रिकामे ठेवा, अंदाजाने भरू नका. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक दुसऱ्याने द्यावेत आणि वाचन करणाऱ्याला गाव कळू नये. दोन आयसोलेट किती सारखे ते मोजणाऱ्या जॅकार्ड गुणांकात दोन्हीकडचे शून्य मोजले जात नाही, म्हणून अशा तक्त्याला तो योग्य. ५ सीरमांच्या तक्त्यावरून वंशवृक्ष काढणे मात्र टाळा, इतक्या थोड्या खुणांवर फांद्या योगायोगाने पडतात.

सीरोटाइप म्हणजे रेस (कोणत्या वाणावर रोग करतो, यावरून पडणारा गट) नव्हे. रेस ठरते आयआरबीबी मालिकेतल्या, एकेक प्रतिकारक जनुक असलेल्या भाताच्या ओळींवर टोचून. जिवाणूची रोगक्षमता ज्या प्रथिनांवर ठरते ती पेशीच्या आतून थेट भाताच्या पेशीत सोडली जातात. सीरमला दिसतो फक्त पृष्ठभाग. म्हणून एका सीरोटाइपमध्ये अनेक रेस आणि एका रेसमध्ये अनेक सीरोटाइप सापडू शकतात. 'अमुक गावात सीरोटाइप दोन आहे, म्हणून तमुक वाण लावा' हा सल्ला शेतकऱ्याला कधीही देऊ नये. त्यासाठी टोचणीचीच आकडेवारी हवी.

अहवालात आयसोलेटचा मूळ क्रमांक, गाव, वाण, कितव्या उतरवणीचा, वाढीचे माध्यम, अँटिजेनची वाट, सशाचा क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख, शोषणाच्या फेऱ्या आणि शोषणाआधीचे-नंतरचे टायटर द्या. नुसते 'सकारात्मक' लिहिलेल्या तक्त्याची दुसऱ्या कोणाला पडताळणी करता येत नाही. प्रत्येक सीरोटाइपचा एक प्रतिनिधी आयसोलेट चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात किंवा मऊच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जमा करा आणि त्यांनी दिलेला क्रमांक तक्त्यात लिहा. सशाचे सीरम संपले की नव्या सशाचे सीरम त्याच जमा केलेल्या आयसोलेटवर बेतून, जुन्या कुपीतल्या शेवटच्या सीरमाशी शेजारी लावून तपासायचे असते. त्यासाठी जुन्या सीरमाच्या दोन कुप्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.